घुशीने नेलेला टेबलक्लॉथ

आमच्या घरात टेबल नव्हतं, पण टेबलक्लॉथ होता. माझ्या जन्माआधी होता आणि जन्मानंतर नव्हता, त्यामुळे मी तो कधी पाहिला नाही. पण त्याचं वर्णन इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतून उठवलंत तरी त्याचे चार पोपट तुम्हाला काढून दाखवीन.

आईने तो लग्नाआधी भरला होता, रुखवतात मांडायला, रत्नागिरीजवळच्या माहेरी पडवीत बसून. पांढऱ्या केसमेंटच्या कापडावर चार कोपऱ्यांत चार पोपट आणि प्रत्येकाच्या चोचीत पेरू. तीन पोपटांच्या चोची लालभडक. चौथ्याच्या वेळी लाल दोरा संपला, लग्न तोंडावर आलेलं, दुकान लांब, म्हणून त्याची चोच फिकट पिवळी. "तो आजारी होता," असं आई त्याच्याबद्दल सांगायची आणि बाकीच्या तिघांपेक्षा त्याचंच कौतुक जास्त करायची.

लग्न होऊन आई गेली ती थेट विदर्भातल्या एका कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत. दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर, असल्या क्वार्टरांच्या लांबच लांब लाइनी, दारासमोर कोळशाच्या शेगड्यांचा धूर आणि दोरीवर वाळता वाळता करडे होणारे पांढरे कपडे. बाबा खाणीच्या दिवेघरात होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला टोपीवरचा दिवा आणि कमरेला बांधायची त्याची बॅटरी द्यायची, पाळी संपली की परत घ्यायची आणि चार्जिंगला लावायची, हे त्यांचं काम. त्या बॅटऱ्यांमधून अ‍ॅसिड पाझरायचं. त्यामुळे बाबांच्या एकूण एक पँटींना मांडीवर बारीक बारीक भोकं असायची आणि आई ती रफू करायची. माझ्या लहानपणी मला वाटायचं, पुरुषांच्या पँटी अशाच शिवून येतात.

वसाहतीत बायकांना नावं नव्हती. म्हणजे असतील, पण ती कोणी वापरत नसे. नवरा ज्या खात्यात, ते खातं बायकोला चिकटायचं. आई झाली दिवेवाली. समोरच्या लाइनीतल्या मावशींचा नवरा खाणीत हवा सोडणाऱ्या मोठ्या पंख्यावर होता, म्हणून त्या पंखेवाली. एक भोंगेवाली होती, एक दोरवाली होती. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या बायकोला काय म्हणायचे ते मी इथे लिहीत नाही, आई अजून माझं लिखाण वाचते.

तर अशा घरात टेबलक्लॉथ घालणार कशावर? तो ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत राहिला. माझ्या वेळी आई बाळंतपणाला माहेरी गेली, मला घेऊन परत आली, आणि मला गुंडाळायला काहीतरी मऊ शोधताना तिने ट्रंक उघडली. पोपट गायब.

"घुशीने नेला असेल," बाबा म्हणाले.

"कुलूप उघडून?"

"इथल्या घुशी कोकणातल्यासारख्या नसतात."

झालं. बाबांचं यापलीकडे म्हणणं नव्हतं. बाबा एकूणच कमी बोलायचे. पण आमच्या घरात त्या घुशीने ठाण मांडलं. काहीही हरवलं की घुशीने नेलं. तिच्या बिळात टेबल आहे, त्यावर आमचा क्लॉथ आहे, आणि ती पिल्लांना घेऊन त्यावर चहा पिते, हे मी शाळेतल्या मैत्रिणींना शपथेवर सांगितलेलं आहे. आई मात्र हसायची नाही. "कुणीतरी नेलाय," एवढंच म्हणायची. कुणी, ते तिने कधी म्हटलं नाही, कारण ते म्हटलं असतं तर त्या लाइनीत राहणं अवघड झालं असतं.

आता बाबा नाहीत. ती वसाहतही नाही. खाण भुयारी होती ती वरून खणून उघडी केली, रुंदावत गेली आणि एकेक लाइन गिळत आमच्या क्वार्टरापर्यंत पोचली. आमचं घर जिथे होतं तिथे आता खड्डा आहे, आणि खड्ड्याला भेट द्यायला कोणी जात नाही. आई माझ्याकडे मीरा रोडला आली, शांती नगरात. खाली उतरलं की सगळी दुकानं, वर आलं की शेजारी तिन्ही दारं गुजराती, माणसं सोन्यासारखी. पण आईला बोलायचं असायचं त्या खड्ड्याबद्दल. ते कोणाशी बोलणार? माझ्याशी बोलायची, पण मी निम्म्या गोष्टी रंगवून तिलाच परत सांगते, हे तिला आवडत नाही.

मग एकदा भाजीवाल्याच्या गाडीपाशी तिच्या मागून आवाज आला, "काहून गा, वांगे विकून राहिला का सोनं?" आईच्या हातातली कोथिंबीर खाली पडली. वळून बघते तर पंखेवाली! मुलाच्या नोकरीमुळे भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहायला आलेल्या. मधे सगळा जन्म गेलेला, पण दोघी रस्त्यात एकमेकींना "दिवेवाली!" "पंखेवाली!" अशा हाका मारत गळ्यात पडल्या. भाजीवाला घाबरला. त्याला वाटलं, काहीतरी विकायला आल्यात.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मावशी रिक्षा करून आमच्याकडे. त्यांच्या डब्यात पाटवड्या, आईकडे सोलकढी. मावशी सोलकढीला गुलाबी ताक म्हणतात आणि नाक मुरडून दोन पेले पितात. मग दोघी त्या खड्ड्यात परत एकेक घर बांधायच्या. अमक्या दारापुढे नळ होता. नळ नाही, नळ पलीकडे, इथे कडुनिंब. भांडत भांडत अख्खी लाइन उभी राहायची. गुरुवारी रात्री आई दोन पोळ्या जास्त खायची.

हे सगळं मोडायचं काम मी केलं, तेही भेट म्हणून.

त्या वसाहतीत वाढलेल्या माझ्या एका वर्गमित्राला कुठूनतरी जुने फोटो मिळाले. खाणीच्या साहेबांनी कधीकाळी कामगारांची घरं कशी छान आहेत हे दाखवायला काढून घेतलेले, काळेपांढरे. त्याने पहिला फोटो मोबाइलवर पाठवला आणि मी, नाटकीपणा अंगातच असल्यामुळे, आईचे डोळे झाकले, तिला खुर्चीत बसवलं, "एक, दोन, तीन" म्हटलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

एका क्वार्टराची बाहेरची खोली. भिंतीवर पंख्याचं जुनं लाकडी पातं फळीसारखं ठोकलेलं, त्यावर चार पितळी डबे. तसली फळी अख्ख्या वसाहतीत एकाच घरात होती. मी ओरडलेच, "पंखेवाल्या मावशींचं घर!"

आई पातं बघत नव्हती. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. खोलीच्या मधोमध एक टेबल होतं. टेबलावर रेडिओ. रेडिओखाली पांढरा कपडा, आणि कपड्याच्या कोपऱ्यांवर पोपट. दोन पोपटांच्या चोची काळ्या दिसत होत्या. तिसऱ्याची चोच फिकट.

आईने फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन निजली.

त्या गुरुवारी तिने मावशींना निरोप पाठवला, बरं नाही. पुढच्या गुरुवारी निरोपही नाही. फोन वाजला की ती तो उशीखाली सरकवायची. मी समजावलं. म्हटलं, आई, एक कपडा तो, किती वर्षं झाली. ती म्हणाली, "कपड्याचं नाही गं. मी त्या घरात रोज जायचे. ती मला म्हणायची, कुणी नेला असेल बाई तुझा, हात झडो त्याचा. माझ्याबरोबर शिव्या घालायची ती."

  

मला खरी भीती वेगळीच होती. आईच्या तोंडून ती वसाहत बंद झाली. नळ नाही, कडुनिंब नाही, दोरवाली नाही. जेवणात भात तेवढा चिवडायची. त्या जागेची साक्ष द्यायला जगात तिच्या ओळखीची एकच बाई उरली होती आणि तीच चोर निघाली होती. वर्गमित्राने उरलेले फोटो पाठवले, ते मी उघडलेच नाहीत. आणखी एखादा पोपट निघाला तर?

मग एका दुपारी दारावरची बेल अशी वाजली, की कोणीतरी तिच्यावर कोपर टेकून उभं आहे. दार उघडलं. पंखेवाल्या मावशी, घामाघूम, हातात डबा.

"कुठं हाय ती? जिवंत हाय ना?" मला बाजूला सारून त्या आत. "काय वं दिवेवाले, काहून फोन कापून राहिली तू माझा? मी तिकडं घाबरून राहिली, का बुढी गेली अन् मले कोणी सांगितलं बी नाही!"

आई सोफ्यावर ताठ बसली होती. तिचा आवाज बर्फासारखा. "बसा. पोपट बरे आहेत ना?"

"कोणते पोपट?"

"चोच पिवळी असलेला. आजारी होता तो."

मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या डोक्यापाशी बोट नेऊन हळूच विचारलं, "डॉक्टरले दाखवलं का?"

आता काहीतरी करायलाच हवं होतं. मी म्हटलं, मावशी, एक फोटो आहे, तुम्ही बघाच. माझा नवरा घरीच होता. आमच्या संसारात मी बोलते आणि तो वायरी जोडतो. त्याला म्हटलं, हा फोटो टीव्हीवर लाव, मोठा दिसेल. त्याने फोनवर इकडे तिकडे बोट फिरवलं आणि एक फोटो लागायच्या ऐवजी वर्गमित्राने पाठवलेले सगळेच आपोआप एकामागून एक पळायला लागले.

"अरे, थांबव!" मी.

"थांबत नाहीये," नवरा.

टीव्हीवर पहिलं घर आलं. टेबल, रेडिओ, पोपट. आईने मान फिरवली. दुसरं घर आलं, भिंतीवर वेगळाच गणपती. टेबल, रेडिओ, पोपट. तिसरं घर, दारात शेळी. टेबल, रेडिओ, पोपट. आईची मान हळूहळू परत वळली.

"हे तर दोरवालीचं," ती म्हणाली.

"अन् हे भोंगेवालीचं! हे बघ, तिची शिवणाची मशीन," मावशी. "आता बया! साऱ्यांच्या घरी तोच रेडिओ? आपल्या लाइनीत कोणाकडं होता वं रेडिओ?"

"कुणाकडेच नव्हता. साहेबाच्या बंगल्यावर होता."

"अन् टेबल?"

"टेबल तर..." आई टीव्हीच्या जवळ गेली. "हे ऑफिसातलं. पगाराच्या दिवशी बाहेर काढायचे ते. पाय बघ, एक वीट लावलीय."

मग माझ्या लक्षात आलं आणि मी हर्षाने टाळीच वाजवली. साहेबाला घरं चांगली दिसायला हवी होती. मग एकच टेबल, एकच रेडिओ, एकच टेबलक्लॉथ घेऊन वरात घरोघर फिरली! फोटो काढला की उचल, पुढच्या घरी मांड. सगळी लाइन श्रीमंत, पण पाळीपाळीने.

"मग आम्हाला कुणालाच कसं कळलं नाही?" आई अजून विरघळली नव्हती. "मी माहेरी होते. पण तू तर घरात होतीस."

नवऱ्याने एवढ्यात मावशींच्या घराचा फोटो टीव्हीवर थांबवण्यात यश मिळवलं होतं. मावशी चष्मा वर सरकवून बघत राहिल्या. मग त्यांनी दाराच्या बाजूच्या एका खिळ्यावर बोट ठेवलं. रिकामा खिळा.

"मी घरात नव्हती. ह्या खिळ्यावर माझ्या बाजाराच्या पिशव्या राहायच्या. पिशव्या नाहीत, म्हणजे मी बाजाराच्या गाडीनं गेलेली." बाजाराच्या दिवशी खाणीची गाडी सगळ्या बायकांना तालुक्याच्या गावी नेऊन संध्याकाळी परत आणायची. मावशींनी एकदम कपाळावर हात मारला. "आवं, एकदा मी बाजारातून आली तं घर लख्ख झाडलेलं! भांडे घासलेले! मले वाटलं, ह्या माणसाले अक्कल आली. मी त्याले गोडाचा शिरा करून घातला, दिवेवाले! शिरा!"

आईचे ओठ जरा हलले. पण ती मुद्द्याची बाई. "साहेब माझी ट्रंक उघडायला आला नव्हता. किल्ली घरात असायची. मग क्लॉथ काढला कुणी?"

हे ती विचारत होती आणि तिचे डोळे फोटोवर होते. भिंतीवर मावशींचा आरसा टांगलेला होता. फोनवर तो नखाएवढा दिसला होता, टीव्हीवर पाटाएवढा दिसत होता. आरशात एक माणूस होता. खोलीतल्या अंधारावर उजेड पाडायला त्याने खाणीतला टोपीचा दिवा हातात उंच धरला होता, आणि तो हसत होता. तोंडभर, दात दिसतील असा.

"हे काय करतायत तुझ्या घरात?" आई म्हणाली.

मावशींनी बघितलं आणि किंचाळल्या, "आवं, तुझा नवरा!"

"ते दिसतंय मला. तुझ्या घरात काय करतायत?"

"मले काय विचारतं? मी बाजारात होती!"

मला हसू आवरेना, पण आई शांतपणे बघत होती. मग तिने फोटोतल्या टेबलावर बोट ठेवलं. दिव्याची वायर बाबांच्या हातातून खाली येत होती आणि बॅटरीचा डबा टेबलाच्या पुढच्या कोपऱ्यावर ठेवलेला होता. तिथे चौथा पोपट असायला हवा होता. बॅटरी बरोबर त्याच्यावर बसवलेली होती.

"अ‍ॅसिड," आई म्हणाली.

एवढा एकच शब्द, आणि आमच्या घुशीचं बीळ अख्खं उकरून निघालं. लाइनभर फिरवता फिरवता बॅटरी पाझरली, कापडाला भोकं पडली. बायको माहेरून लेक घेऊन येणार, तिच्या रुखवताच्या पोपटांची चाळण झालेली. आता हा कमी बोलणारा माणूस तिला काय सांगणार? त्याने कापड कुठेतरी पुरलं किंवा शेगडीत घातलं आणि एक घूस पाळली. मरेपर्यंत पाळली.

मी आईकडे बघितलं. आता ती बाबांवर भडकेल असं वाटलं. ती खुर्चीवर बसली आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. "पँटींना भोकं, लेंग्यांना भोकं, मग पोपट का सोडतील?" मग हसता हसताच थांबून म्हणाली, "मला वाटायचं, त्यांनी तो कधी उलगडून बघितलासुद्धा नाही. एका शब्दाने कधी बरा म्हणाले नाहीत. आणि घरोघर मिरवून आले होय!"

"मिरवला त्यानं, अन् चोर मी!" मावशींना आता चढायला संधी मिळाली. "पंधरा दिवस माझे फोन कापले हिनं! माझी पाटवडी वाया गेली!"

"ये, बस इथे. सोलकढी देते."

"गुलाबी ताक नको मले. चहा टाक, अन् साखर नीट घाल. गुन्हेगार हायेस तू."

आईने उठून मावशींचा हात धरला आणि सोडला नाही, चहा मलाच टाकावा लागला. मी चहा ढवळत होते आणि छातीवरून कोणीतरी रेडिओसकट टेबल उचलून नेल्यासारखं हलकं वाटत होतं. बाहेर दोघी एका सुरात बाबांना शिव्या घालत होत्या. मधेच आईचा आवाज आला, "बघ गं जरा, चपला तरी काढल्यात का त्यांनी दाराशी?" आणि मावशींचा, "आरशात पाय कसे दिसतील वं?" आणि मग नळ कुठे होता यावरून भांडण सुरू झालं. गॅस बंद करायचं मी विसरले, चहा उतू गेला. त्या दिवशी आईने रात्री किती पोळ्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही. मला नजर लावायची नव्हती.

बाबांचा आमच्याकडे एकच फोटो आहे, खाणीच्या ओळखपत्रावरचा. त्यात ते असे दिसतात, जणू त्यांनीच कोणाचं तरी काहीतरी चोरलंय आणि आता पकडले गेलेत. आईने ठरवलं, तो काढून हा आरशातला लावायचा. पुढच्या गुरुवारी आम्ही तिघी खालच्या फोटोच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराने फोटो उघडला, डाग पुसले, सुरकुत्या काढल्या आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "आंटी, घर एकदम मस्त दिखेगा. बस ये शीशे में कोई आदमी आ गया है. इसको निकाल दूँ?"

आई पुढे झाली. तिचं हिंदी कोकणातलं आहे, पण तिचं कधी काही अडलं नाही.

"उसको हात नहीं लगाने का. वो रहने दो. बाकी सब निकाला तो भी चलेगा."

"आवं, बाकी सब म्हंजे?" मागून मावशी ओरडल्या. "माझं घर हाय ते!"